आधी हजेरी क्रमांक खोडा, मग मुलांना मोबाईलबद्दल विचारा

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक,
शाळांमधल्या पाहण्यांना परवानगी देणारे शिक्षण विभागातले अधिकारी,
आणि विद्यार्थ्यांकडून असे प्रकल्प करून घेणारे महाविद्यालयांतले मार्गदर्शक यांना

सस्नेह नमस्कार.

‘मोबाईलचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम’ या विषयावरच्या प्रश्नावल्या सध्या आपल्याकडे शाळाशाळांतून फिरत आहेत. कुठे बी.एड.च्या प्रकल्पासाठी, कुठे शाळेच्या अहवालासाठी, कुठे एखाद्या मंडळाच्या उपक्रमासाठी. त्यातल्याच एका प्रश्नावलीवरून जिल्ह्यातल्या एका शाळेनं आठवीच्या वर्गातल्या ‘मोबाईलव्यसनी’ मुलांची यादी काढली आणि ती पालकसभेत वाचून दाखवली. शाळेचं नाव आम्ही लिहीत नाही, कारण ते लिहिलं की यादीतली मुलं पुन्हा ओळखू येतील. तीच प्रश्नावली दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी शाळांत भरून घ्यायचं ठरलं आहे. हे गप्प बसून बघणं आम्हाला जमणार नाही.

आमच्यातले काही वर्गावर शिकवतात, काही मुलांचं समुपदेशन करतात, काहींचं कामच पाहण्या आखणं आणि त्यांचे आकडे तपासणं हे आहे. बहुतेकांची मुलं याच जिल्ह्यातल्या शाळांत शिकतात. मुलं डिजिटल माध्यमांसोबत कशी वाढताहेत याचा अभ्यास कोल्हापुरात व्हायला हवा, आणि तो लवकर व्हायला हवा, असं आमचं ठाम मत आहे. म्हणूनच तो असा होऊ नये.

ती प्रश्नावली आमच्यासमोर आहे. पाठपोट छापलेला एक कागद, 22 प्रश्न. सगळ्यात वर नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि पालकांचा मोबाईल नंबर. चौथा प्रश्न, ‘तुम्ही दररोज सरासरी किती तास मोबाईल वापरता?’ नववा, ‘मोबाईलवर अश्लील गोष्टी पाहता का? होय / नाही.’ चौदावा, ‘मोबाईल मिळाला नाही तर राग येतो का?’ सतरावा, ‘मोबाईलमुळे तुमच्या अभ्यासाचे किती नुकसान झाले? खूप / थोडे.’ नुकसान झालेलंच नाही, असं लिहायला जागा नाही. हा कागद वर्गशिक्षकांनी वाटला, त्यांच्याच तासाला भरून घेतला आणि बाकांमधून फिरत त्यांनीच गोळा केला.

आमची पहिली तक्रार त्या हजेरी क्रमांकाची आहे. कागदावर क्रमांक पडला की मूल प्रश्नाला उत्तर देत नाही, सरांना उत्तर देतं. सहावीतल्या मुलाचं इन्स्टाग्रामवर खातं असतं, पण तिथे तेरा वर्षांची अट आहे आणि आपण जन्मसाल खोटं टाकलंय हे त्याला पक्कं माहीत असतं. तो ‘नाही’ लिहितो. शेजारचा त्याचं बघून ‘नाही’ लिहितो. जो खरं लिहितो तो यादीत जातो. म्हणजे ही प्रश्नावली मोबाईलचा वापर मोजतच नाही, कोण किती धीट आहे ते मोजते, आणि शिक्षा त्यालाच होते.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी गंभीर आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या 2023 च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन 43.7 टक्के मुलांकडे होता आणि 19.8 टक्के मुलींकडे. बहुतेक मुलींच्या हातात येतो तो भावाचा, वडिलांचा फोन, आणि तोही कुणाच्या तरी मर्जीवर. नवव्या प्रश्नाला एका मुलीनं ‘होय’ लिहिलं आणि ते घरी कळलं तर फोन जाईल एवढ्यावर थांबेल याची खात्री कोण देणार? एकटीनं क्लासला जाणं, मैत्रिणीकडे जाणं, दहावीनंतरचं शिक्षण, सगळंच पणाला लागू शकतं. एका टिकमार्कची एवढी किंमत असेल तर तो प्रश्न असा विचारण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आणखी एक प्रश्न त्या कागदावर आहे, ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे स्टेटस ठेवता?’ 7 जून 2023 ला शहरात काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव पेटला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच शहरात हा प्रश्न मुलांच्या नावानिशी लिहून घेणं आणि तो गठ्ठा शिक्षक कक्षातल्या उघड्या कपाटावर ठेवणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगावं लागू नये.

दुसरी तक्रार तासांची. ‘दररोज सरासरी किती तास’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर मोठ्या माणसालाही देता येत नाही. लोकांनी सांगितलेला वेळ आणि फोननं नोंदवलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. दोन्हींमधला सहसंबंध भरला 0.38. तंतोतंत मेळ असता तर तो 1 आला असता. कुणी जास्त सांगतं, कुणी कमी, आणि बरोबर सांगणारे थोडेच. असा आकडा पाया धरून ‘चार तासांच्या वर म्हणजे व्यसनी’ अशी रेघ मारली आहे.

मग फोनमधलाच आकडा घ्या, असं कुणी सुचवेल. आपल्याकडे तोही फसतो. एकच स्मार्टफोन असलेल्या घरात सकाळी वडील दुधाचं बिल बघतात, दुपारी आई कीर्तन लावून भाकरी थापते, संध्याकाळी धाकट्याचं कार्टून, रात्री मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्वाध्याय वहीत उतरवून घेते. फोन सांगतो सहा तास. ते सहा तास कुणाचे? फोन यंत्राचा वेळ मोजतो, मुलाचा नाही. जिथे प्रत्येक मुलाकडे स्वतःचा फोन असतो तिथली पद्धत उचलून इथे लावली की निष्कर्ष चुकतोच.

शिवाय तास बरोबर मोजले तरी त्यावरून फारसं कळत नाही. ऑक्सफर्डचे संशोधक एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. डिजिटल वापर वाढला की मनःस्वास्थ्य थोडं खालावलेलं दिसलं, पण मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त 0.4 टक्के भागाचाच उलगडा त्यातून होत होता. कुणालाच त्रास होत नाही, असा याचा अर्थ नाही. सरासरीत त्रास होणारं मूल झाकलं जातं, असा अर्थ आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2020 मध्ये 63 किशोरवयीनांना आठवडाभर दिवसातून अनेकदा छोटे प्रश्न विचारले. सोशल मीडिया नुसता चाळून झाल्यावर 46 टक्क्यांना बरं वाटलं, 44 टक्क्यांना काहीच फरक पडला नाही, 10 टक्क्यांना वाईट वाटलं. आपल्याला शोधायचं आहे ते या दहातलं मूल. ‘किती तास’ विचारून ते सापडत नाही. काय बघतो, कुणासोबत, किती वाजता, त्यापायी झोप किंवा खेळ सुटतो का आणि बघून झाल्यावर कसं वाटतं, हे विचारलं तर सापडू शकतं.

लहान मुलांसाठी मर्यादा आहेत, त्या आम्ही नाकारत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांपेक्षा कमी. हा घराला दिलेला सल्ला आहे. आठवीतल्या मुलावर शिक्का मारण्याचं ते माप नाही.

तिसरी तक्रार ‘व्यसन’ या शब्दाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, गेमिंगशी संबंधित विकार आहे. पण त्याची अट बघा. खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ झालेला, नुकसान दिसत असूनही तो चालूच, आणि यामुळे घर, शाळा, नाती यांची घडी ठळकपणे विस्कटलेली, तीही सहसा किमान 12 महिने. याचं निदान प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाशी आणि घरच्यांशी बोलून करतो. घरी बनवलेल्या प्रश्नावलीत ‘राग येतो का’ला एक गुण आणि ‘जेवताना बघता का’ला एक गुण देऊन बेरीज करणं म्हणजे निदान नव्हे. स्वाध्याय अर्धा राहिला असताना भावानं फोन हिसकावला तर कुणालाही राग येईल.

चौथी तक्रार, बावीस प्रश्नांत एकही चांगल्या गोष्टीचा प्रश्न नाही. पेठेतल्या संघाची मॅच बघून चेंडू कसा अडवायचा ते शिकणारा मुलगा, शिष्यवृत्तीची गणितं सोडवणारी मुलगी, पुण्यात नोकरी करणाऱ्या बहिणीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलणारं घर, हे सगळं त्या कागदाला दिसतच नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपभर केलेल्या कामातून एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली आहे. जी मुलं इंटरनेटचा जास्त आणि नाना तऱ्हांनी उपयोग करतात त्यांना संधीही जास्त मिळतात आणि धोकेही जास्त भेटतात. आणि धोका भेटला म्हणजे इजा झालीच असं नाही. त्यांच्या 2010 च्या ‘ईयू किड्स ऑनलाइन’ पाहणीत 25 देशांतल्या 9 ते 16 वयाच्या 25,142 मुलांशी आणि प्रत्येकाच्या एका पालकाशी घरी जाऊन बोलणं झालं. नाजूक प्रश्नांची उत्तरं मुलांनी स्वतः भरली, मुलाखत घेणाऱ्याला न दाखवता. इंटरनेटवरच्या कशाने तरी आपल्याला त्रास झाला, असं 12 टक्के मुलांनी सांगितलं. आणि ज्या मुलांनी लैंगिक चित्रं पाहिली होती, त्यांच्यापैकी 40 टक्क्यांचे पालक म्हणत होते की आमच्या मुलानं असलं काही पाहिलेलं नाही. म्हणून पालकांना विचारून मुलांचं कळत नाही, आणि पालकांच्या कानावर जाणार असेल तर मुलंही सांगत नाहीत.

राहिलेली मुलं कुठे आहेत, हाही प्रश्न आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक टाकली की स्मार्टफोन नसलेलं घर आपोआप गळतं. थोरला भाऊ धाकट्याचाही फॉर्म भरून टाकतो. त्या दिवशी गैरहजर असलेली मुलं मोजली जात नाहीत, आणि अडचणीतली मुलं गैरहजरच जास्त असतात. शहरातल्या दोन-तीन शाळांत फॉर्म भरायचे आणि अहवालावर ‘कोल्हापूर जिल्ह्यातील विद्यार्थी’ असं लिहायचं, हे चूक आहे. गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यांवरची मुलं आणि हंगामात फडाच्या कडेला राहणारी ऊसतोड कामगारांची मुलं त्यात नसतील, तर शीर्षकातून जिल्ह्याचं नाव काढा.

आता कायद्याचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 टप्प्याटप्प्यानं लागू होत आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला तो मूल मानतो आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कागदावरची माहिती एक्सेलमध्ये भरली की तीही या कायद्यात येते. संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल तरच. वर्गातल्या मुलांची यादी काढली, की ते संशोधन उरत नाही. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची तत्त्वं आणखी पुढे जातात. पालकांच्या संमतीखेरीज 7 ते 12 वयाच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार घ्यावा, असं ती सांगतात.

मग पाहणी करायची कशी? फार खर्च नाही, पण घाई चालत नाही.

प्रश्नावली छापण्याआधी सात-आठ मुलांना, मुली-मुलगे, गावातली-शहरातली अशी मिसळ करून, एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा आणि ‘तुला यात काय विचारलंय असं वाटतं?’ असं विचारा. अर्धे घोटाळे इथेच सापडतात. ‘मी इंटरनेट वापरत न्हाई, नुस्तं यूट्यूब बघतोय,’ असं उत्तर हमखास येतं. टीव्हीला कुणी स्क्रीन धरत नाही. गेममध्ये रोज सोबत खेळणारा, कधीच न भेटलेला मुलगा ‘अनोळखी’ वाटत नाही, तो आपल्या टीममधला असतो. मुलं जे शब्द वापरतात तेच प्रश्नात घाला.

वेळ विचारायचा तर ‘सरासरी’ नको, ‘काल’ विचारा, आणि दिवसाचे तुकडे पाडा: उठल्यापासून शाळेत जाईपर्यंत, शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत, जेवल्यापासून झोपेपर्यंत, झोपायला अंथरुणावर गेल्यावर. प्रत्येक तुकड्यात फोन कुणाचा होता आणि सोबत कोण होतं तेही. एकदा शाळेच्या दिवसाबद्दल, एकदा रविवारबद्दल. परीक्षेचा आठवडा आणि गणपतीचे दिवस टाळा, तेव्हाचं वागणं वेगळं असतं.

‘अश्लील पाहता का’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी असं विचारा: ‘फोनवर असं काही समोर आलं का, जे पाहून तुला वाईट वाटलं, अस्वस्थ वाटलं किंवा हे मी बघायला नको होतं असं वाटलं?’ पुढे, ‘मग तू काय केलंस? कुणाला सांगितलंस का?’ यात मुलाला गुन्हेगार केलेलं नाही, म्हणून ते बोलतं.

घरी जाणारं पत्र अर्ध्या पानाचं, साध्या मराठीत, निदान आठवडाभर आधी पाठवा. पालकांनी सही केली तरी मुलाचा ‘नको’ हा नकारच समजा. आणि जे मूल नको म्हणतं त्यालाही त्याच वेळी त्याच आकाराचा दुसरा कागद द्या, कोडं असो वा चित्र. नाहीतर सगळा वर्ग लिहीत असताना रिकामं बसलेलं मूल सगळ्यांच्या नजरेत येतं, आणि पुढच्या वेळी ते भीतीनं ‘हो’ म्हणतं.

भरताना वर्गशिक्षक बाहेर हवेत. एकाआड एक बाकावर बसवा. 35 मिनिटांच्या तासात लिहिण्यासाठी 25 मिनिटं धरा, म्हणजे बावीस प्रश्नांपैकी निम्मे कमी करावे लागतील, ते करा. कागद मुलानं स्वतः लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचा. सगळ्यांनी एकच रंगाचं पेन वापरायचं, कारण हिरवं पेन कुणाचं ते वर्गाला माहीत असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट खरीखुरी सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराबद्दल मुलानं कुणाला सांगितलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा ‘काहीही सांग, कुणालाही कळणार नाही’ असं आश्वासन देऊ नका, ते पाळता येणार नाही. कागदावर नाव नसल्यामुळे त्यावरून तुला शोधून मदत करता येणार नाही, हेही सांगा आणि मदत हवी असेल तर त्या दिवशी शाळेत कोण, कुठल्या खोलीत बसलेलं असेल ते सांगा. 1098 ही बालमदतवाहिनी आणि 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येक मुलाला द्या. ‘होय’ लिहिणाऱ्यांनाच दिली, तर चिठ्ठीच यादी होते.

अहवालात दहापेक्षा कमी मुलांचा गट वेगळा दाखवू नका. ‘आठवी ब, बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुली’ असं लिहिलं की त्या दोघी कोण हे शाळेतल्या शिपायालाही कळतं. एक्सेलची फाईल ग्रुपवर फिरवू नका, ‘लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल’ ही सोय बंद ठेवा, आणि मूळ कागद कधी नष्ट करणार ती तारीख आधीच लिहून ठेवा. शेवटी निष्कर्ष घेऊन त्याच वर्गात परत जा. मुलांना दाखवा आणि विचारा, हे बरोबर वाटतंय का? बऱ्याचदा ते चूक दाखवून देतात, आणि ती चूक खरी असते.

आपल्याकडे आमच्या मागण्या या आहेत.

संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतर होऊ घातलेली ही प्रश्नावली थांबवावी. नाव, हजेरी क्रमांक किंवा पालकांचा नंबर मागणाऱ्या कोणत्याही पाहणीला शाळेत प्रवेश देऊ नये.

शिक्षण विभागानं परवानगी देण्याआधी चार कागद मागावेत: प्रश्नावली, पालकांचं पत्र, मुलांच्या होकाराचा नमुना आणि माहिती कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार याचं लेखी उत्तर. ते तपासणाऱ्यांत एक समुपदेशक आणि शाळेबाहेरचा एक पालक असावा.

मार्गदर्शकांनी पूर्वचाचणीची, म्हणजे छापण्याआधी मुलांसोबत प्रश्न तपासून पाहिल्याची, नोंद जोडल्याशिवाय प्रकल्प स्वीकारू नये. एका महिन्यात शंभर फॉर्म गोळा करून आण, असं विद्यार्थ्यांना सांगू नये. घाईत पहिला बळी जातो तो मुलांच्या होकाराचा.

आणि ज्या शाळांत हे फॉर्म आधीच भरून झाले आहेत, त्यांनी कागदाचा वरचा नावाचा पट्टा येत्या पंधरा दिवसांत कापून नष्ट करावा आणि काढलेल्या याद्या फाडाव्यात. ज्या शाळेत यादी वाचून दाखवली गेली, तिथे पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी उभं राहून सांगावं की ती यादी चुकीची होती. मुलांची नावं पुन्हा न घेता.

कोणत्याही शाळेला प्रश्नावली तपासून हवी असेल, तर आम्ही ते काम विनामूल्य करू.

आपले,
मुलांसोबत काम करणारे काही शिक्षक, समुपदेशक आणि संशोधक
कोल्हापूर